आमेनची घाई

आमच्या पाळकबाईंना, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीला, वाट पाहणं म्हणून जमत नसे. कुकरची शिटी व्हायच्या आधीच त्या शेगडीपाशी जाऊन उभ्या राहत. जानेफळच्या फाट्यावर मेहकरची बस यायची असली, की सावलीत बसणं नाही. रस्त्यावर जाऊन, कपाळावर हात धरून वळणाकडे पाहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला विचारायचं, "मांगं बस दिसली का हो?" रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांची प्रार्थना शेवटच्या वाक्याशी येते न येते, तोच बाईंचं "आमेन" मोठ्यानं उमटे. साहेब डोळे मिटूनच क्षणभर थांबत आणि उरलेलं वाक्य पुरं करत. मंडळीतली पोरं खुदखुदत.

आणि हीच बाई घरोघरी जाऊन सांगायची, "देवाच्या वेळेवर भरवसा ठेवा." ऐकणाऱ्याला हसूच यायचं. मलाही येई. पण पोटातली दोन बाळं एकामागून एक गेल्यावर मला त्या वाक्याचं हसू येईनासं झालं, रागच येऊ लागला. मी शाळेत शिकवत होते. घरी मी आणि माझा नवरा आनंद, दोघंच. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. बाईंनी ते माझ्या चालण्यावरून ओळखलं.

"काऊन लपवून राह्यली वं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बाई, आता प्रार्थनेचीसुद्धा भीती वाटते."

"मंग तू नको मांगू. तू झोप. मी मांगते."

त्या दिवसापासून त्या रोज यायच्या. स्वयंपाकाला हात लावू द्यायच्या नाहीत. भाजी निवडता निवडता देवाशी बोलायच्या, तेही एखाद्या ऑफिसात काम अडलेल्या माणसासारखं: "प्रभू, हा महिना गेला, आता पुढचा पाह्य. पोरीच्या पायावर सूज दिसते, तिकडं लक्ष दे." मध्येच माझ्याकडे वळून, "पोटात हाललं का आज?" मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि पुन्हा तासाभरात तोच प्रश्न.

सातव्या महिन्यात एका सकाळी मला रक्तस्राव सुरू झाला. मेहकरच्या डॉक्टरांनी तिथूनच बुलढाण्याला पाठवलं. गाडीत बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की चिखली येईपर्यंत बोटं बधिर झाली. "लवकर, लवकर" हे बाई ड्रायव्हरला म्हणत होत्या, की देवाला, ते कळत नव्हतं. दुपारी मुलगी झाली. तळहाताएवढं अंग, कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. "आत्ताच काही सांगता येणार नाही," एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनी माझ्या खाटेशी उभं राहून शांत, सुंदर प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, "आमची नको, तुझीच इच्छा पूर्ण होवो." मग ते थांबले. आनंद हळूच आमेन म्हणाला. मीही ओठ हलवले. बाई गप्प होत्या.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "बाई, आज तुम्ही आमेन म्हटलं नाही."

"तुले ऐकू आलं?"

"न म्हटलेलं सगळ्यांनाच ऐकू आलं."

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "कसं म्हणू वं? त्याची इच्छा काय आहे, मले कुठं ठाऊक? त्यानं पोरीले न्यायचं ठरवलं असन, आन् मी वरतून आमेन म्हणून बसली, तर?"

"मग घरोघरी सांगता ते? त्याच्या वेळेवर भरवसा ठेवा म्हणून?"

"ते मी सोताले सांगते. तुमाले ऐकू येते, इतकंच."

त्या दुपारी त्यांनी मला पहिल्यांदा त्यांचं सांगितलं. त्यांना मूल नव्हतं हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. त्यांनी ते किती वर्षं मागितलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. केस पिकले तरी मागत होत्या.

"रागावला नाहीत त्याच्यावर?"

"रागावली न! भांडे आपटत बोलायची त्याच्याशी. साहेबाले वाटे, भांडे घासून राह्यली." त्या हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "पण बोलणं नाई सोडलं. त्याले सोडून बोलू कोणाशी?"

पुढचे दिवस दवाखान्यातच गेले. पेटीजवळचं यंत्र वाजलं की नर्स धावायची आणि आम्ही काचेबाहेर श्वास रोखून उभ्या. बाई काचेला कपाळ टेकायच्या. नर्स रागावली की बाजूला व्हायच्या, जरा वेळानं पुन्हा तिथंच. एके दिवशी नळाखाली डबा विसळता विसळता त्या एकदम म्हणाल्या, "आज म्हणून टाकलं."

"काय?"

"आमेन. किती भांडू त्याच्याशी? पोरगी पह्यले त्याची आहे, मंग तुही. माही तं नाईच."

त्याच संध्याकाळी बाळाचा श्वास पुन्हा अडखळला आणि तिला परत ऑक्सिजन लावावा लागला. मी बाईंकडे पाहिलं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. या वेळी त्या काचेपाशी गेल्या नाहीत. माझ्याजवळ बसून राहिल्या आणि माझं डोकं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

करुणा वाचली. घरी आली तेव्हा दोन किलो गव्हाच्या पिशवीएवढीही नव्हती. पण घोर संपला नाही. तिला ऐकू कमी येतं, हे वर्षभरात कळलं. कानाला मशीन लागलं, बुलढाण्याच्या चकरा सुरू झाल्या. तिच्याएवढी मुलं गाणी म्हणू लागली, करुणा नुसती टकमक पाहायची. तोवर पाळकसाहेब निवृत्त झाले आणि दोघं जालन्याला पुतण्याकडे राहायला गेले. बाईंचा फोन दर रविवारी यायचा. पहिला प्रश्न एकच: "बोलली का?"

"नाही, बाई."

"बरं. मी मांगून राह्यली."

मागच्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा करुणा त्यांच्या खाटेवर चढून बांगड्यांशी खेळत बसली. बाईंनी तिच्या कानामागचं मशीन बोटानं नीट केलं. निघताना मला रडू आवरेना.

"ती बोलेल तेव्हा तुम्ही ऐकायला हव्यात, बाई."

"माह्या घड्याळावर नको ठेवू तू त्याले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी असो का नसो, तो ऐकते. माह्यं काम मांगायचं होतं. मी मांगलं."

त्यानंतर लवकरच त्या गेल्या.

उन्हाळा लागता लागता शेजारच्यांची शेळी आमच्या अंगणात शिरली आणि कुंडीतली कोथिंबीर खाऊ लागली. करुणा उंबऱ्यात उभी होती. तिनं हात लांब केला आणि ओरडली, "बकी!"

माझ्या हातातली परात तिथंच पडली. आनंद धावत आला. आम्ही दोघं हसत होतो, रडत होतो, आणि शेळी निवांत खात होती. थोड्या वेळानं मात्र मला बाई आठवल्या. काहीच आठवड्यांचा तर प्रश्न होता. देवाला तेवढं का थांबता येऊ नये, किंवा तेवढी घाई का करता येऊ नये? हे मी त्याला विचारते. अजूनही विचारते, भांडी घासताना.

मी पाळकसाहेबांना फोन लावला. सांगितलं.

"फोन तिच्याजवळ दे," ते म्हणाले.

मी फोन करुणाच्या तोंडाशी धरला आणि अंगणाकडे बोट दाखवलं. शेळी कधीच निघून गेली होती. करुणानं रिकाम्या कुंडीकडे पाहिलं, विचार केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बकी!"

"ऐकलं मी," साहेबांचा आवाज ओला झाला होता. "पुन्हा म्हणायला सांग, बेटा. अजून एकदा."