शेपटाला बांधलेला हार

आता काय सांगू तुम्हाला, मार्गासनीच्या माळावर माझ्या हातून जे झालं ते आठवलं की अजून लाज वाटते.

मी मोटारसायकली दुरुस्त करतो, पण वेड विमानाचं. रिमोटवर चालणारं, पेट्रोल इंजिनाचं, माणसाएवढ्या लांब पंखांचं विमान मी स्वतः बनवलं. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, एकच अट घातली. गुंजवण्याहून तिचे वडील, आबा, येणार होते. त्यांच्यासमोर उडालं तर घरात राहील, नाही तर भंगारात जाईल.

बरं, नवीन गाडी पूजेशिवाय कधी निघते का? मी नारळ फोडला, पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवली. राहिला झेंडूचा हार. पुढं बांधला तर पंख्यात जाईल, एवढी अक्कल मला होती. म्हणून शेपटाला बांधला.

आता शेपटाखाली एक इवलंसं तिसरं चाक असतं, आणि जमिनीवर सगळं वळणं त्याच्यावर. हे मीच सुनंदाला शंभरदा शिकवलेलं.

"आबा, सुनंदा, जरा मागं सरा," मी ऐटीत म्हणालो आणि विमान सोडलं.

लिंबं चिरडली. शेपूट उचलायच्या आतच हाराचा दोरा त्या चाकात गुंतला आणि विमान डावीकडं ओढायला लागलं. मी उजवीकडं वळवतोय, ते ऐकतंय कुठलं? गर्रकन फिरलं आणि आमच्याकडं तोंड करून सुसाट निघालं.

"जावईबापू, ह्ये हिकडंच का येतंय?" आबांनी विचारलं.

"वळवतो की."

पण ते समोरून येत होतं, म्हणजे त्याचं डावं ते माझं उजवं. मला काही सुचेना. मग मी काय केलं? रिमोट टाकला आणि पळालो.

विमान आणलेल्या टेम्पोच्या मागं पोचल्यावर लक्षात आलं, म्हातारे सासरे तिथंच राहिले. तेवढ्यात इंजिनाचा आवाज थांबला. बघायची हिंमत होईना.

शेवटी डोकावलो. विमान आबांच्या धोतरापासून हातभरावर उभं. रिमोट सुनंदाच्या हातात. तिनं नुसतं इंजिन बंद केलं होतं. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

मी खाली मान घालून जवळ गेलो. "आबा, न्हाई उडालं. देतो भंगारात."

आबांनी विमानाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि लेकीला म्हणाले, "पोरी, जे थांबलं त्ये ठेव. पळालं त्ये दे भंगारात."