व्यासपीठावरची वेल

माझा मामा सुतार. त्याने लाकडावर पान कोरलं, तर वाटायचं फुंकर मारली की हलेल. पाळकसाहेबांनी त्याला चर्चच्या व्यासपीठावर द्राक्षवेल कोरायला सांगितली, तेव्हा त्याच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

"आधी तुकड्यांवर हात बसू दे," मामा म्हणाला. हात काही बसेचना. एक वेल कोरायची, नाक मुरडायचं आणि तुकडा बंबात घालायला मामीकडे द्यायचा. मी त्यांच्याच घरात वाढले. माझ्या आंघोळीचं पाणी अशा किती द्राक्षांवर तापलं, देव जाणे.

पाळकसाहेब कळवळून म्हणायचे, "अरे, हे हात त्यानेच दिलेत. जमेल तसं कर."

"देवाला कच्चं काम द्यायचं?" मामा उसळायचा. लोक त्याला नम्र म्हणायचे. मला तो शुद्ध आडमुठेपणा वाटायचा.

मग मामाचे हात थरथरायला लागले. चहाचा कप धरवेना, तिथे पटाशी कुठली! व्यासपीठ कोरंच राहिलं.

परवा मी झाडत असताना कपाटाच्या आखूड पायाखालून एक ठोकळा निघाला. धूळ पुसली तर वेल! मामीने कधीतरी टेकू म्हणून बंबातून वाचवलेली. मामाने ती खिडकीपाशी नेली आणि द्राक्षांवरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"ही चांगली होती गं," तो मामीला म्हणाला.

कपाट डुलत होतं. मामा खाली वाकला आणि थरथरत्या हातांनी त्याने वेल पुन्हा पायाखाली सरकवली.