गाडी बुजती

कारभारीच्या बापाची पाचोडच्या माळावर दीडशे मेंढरं होती आणि बिऱ्हाड लादायला एक तट्टू. ते तट्टू हाकायचं काम कारभारीचं. जनावर बुजायच्या आधी त्याची पाठ दगडावानी ताठ होते, हे त्याला दहाव्या वर्षीच ठावं झालं होतं. पुढं माळ आटला, मेंढरं इकली, वाळूजला कारखाने उभे राहिले आणि कारभारी तीनचाकी टेम्पोच्या कारखान्यात चाचणीचा डायवर झाला. नवी गाडी बाजारात जायच्या आधी तिच्यात वाळूच्या गोण्या भरायच्या, अजिंठ्याचा घाट उतरवून फर्दापूरपर्यंत न्यायची आणि परत आणायची. रोज एक फेरी. काही दुखलंखुपलं तर रजिस्टरात लिहायचं.

त्याची बायको बानाबाई म्हणायची, "लोकं गाडी जपून चालवत्यात, आन आमच्या धन्याला मोडायचा पगार!"

एकोणनव्वद सालच्या मार्चात त्यानं नव्या गाडीबद्दल रजिस्टरात लिहिलं, 'अजिंठ्याच्या उतारावर गाडी बुजती.' दुसऱ्या दिवशी त्याच ओळीखाली दामलेसाहेबाच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'पेट्रोलची नळी साफ केली. दुरुस्त.'

दामले पुण्याहून नुकताच आलेला इंजिनियर. तिकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, म्हणून ह्याला नावानं हाक मारताना तो दरवेळी जरा अडखळायचा.

"साहेब, हे काय केलं?"

"तुम्हीच लिहिलंत ना, बुजते म्हणून? नळी तुंबली असणार. काढून साफ केली."

"नळी नाय वो! गाडी बुजती. तट्टू बुजतं तशी. बिरीक दाबला की पुढचं चाक अंग चोरतं आन दरीकडं बघतं."

दामले हसला. "गाडीला काय वाघ दिसतो?"

"काय दिसतं ते मला नाय ठावं. पर चौथ्या वळणाला दिसतं."

मग मात्र दामलेचं हसू गेलं. त्याच दुपारी दोनला त्याला वरच्या साहेबांना हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं की सोमवारपासून असल्या गाड्या बाहेर पडणार, आणि त्या घेणारे लोक मागं माल आणि मालावर माणसं भरून हेच घाट उतरणार. तो टोपी घालून कारभारीच्या शेजारी, डायवरच्याच सीटवर दाटीवाटीनं बसला.

अजिंठ्याला पोचून पहिल्यांदा घाट उतरले. गाडी गोगलगायीवानी सरळ. परत चढून दुसऱ्यांदा उतरले. काही नाही. तिसऱ्यांदा कारभारीनं चौथ्या वळणावर मुद्दाम कचकन बिरीक मारला. गाडी शहाण्या सुनेसारखी जागच्या जागी थांबली.

"काल झोप झाली नव्हती का तुमची?" दामलेनं हळूच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच कारभारीला लागलं. साडेबारा वाजून गेले होते.

कारभारीनं हँडल दोन्हीकडं फिरवून पाहिलं. मग एकदम वळला.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"कशाला?"

"सांगा तर."

"ब्याऐंशी किलो."

"उतरा मग. तुम्ही पुढं बसल्यानं चाक रोडाला धरून ऱ्हायलंय. काल मी एकटाच होतो."

दामले उतरला, पण गाडीचा दांडा सोडेना. "आणि झालं तर? खाली दरी आहे, कारभारी."

पहिल्यांदाच नाव न अडखळता आलं.

"म्हणून तर डोंगराच्या अंगाला उभं ऱ्हावा. कठड्याकडं नको."

वर जाऊन कारभारीनं गाडी फिरवली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गोण्यांचं ओझं पाठीवर रेटत होतं. तिसऱ्याला समोरून एसटी आली, तिला त्यानं वाट दिली. मग रस्ता मोकळा, आणि चौथं वळण. त्यानं बिरीक दाबला.

हँडल हातात शहारलं. चाक दरीकडं वळलं. पाय म्हणत होता, अजून दाब. कारभारीनं पाय उचलला. बुजल्या जनावराचा कासरा ओढला की ते जास्त उधळतं. ढील द्यावी लागते. एक श्वासभर गाडी कठड्याकडं मोकळी धावली, कठड्याचा चुना अगदी नाकाशी आला, तेव्हा चाकानं रोड धरला आणि त्यानं सगळ्या अंगानं हँडल डोंगराकडं ओढलं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत घुसून थांबली. एक गोणी फुटून वाळू सांडली.

दामले धावत आला. टोपी कुठंतरी पडली होती. "पाहिलं! मी पाहिलं. बस झालं."

"बस कसं? गोणी भरू लागा. पुन्यांदा उतरायचं."

"वेड लागलंय का? मी लिहितो ना!"

"एकदा झालं तर डायवरची चूक म्हणतेत, साहेब. दोनदा झालं तर गाडीची. तुम्ही पाहिलं, पर तुमच्या वरच्यानं कुठं पाहिलंय?"

दामलेनं घड्याळ पाहिलं. मग गुडघ्यावर बसून ओंजळीनं वाळू भरू लागला.

दुसऱ्यांदाही गाडी तिथंच बुजली. ह्या खेपेला मागचं चाक कठड्याला घासून गेलं. दामलेनं रस्त्यावर दगडानं खुणा केल्या, पावलांनी अंतर मोजलं. दोन खेपांचे टायरचे दोन काळे पट्टे, एकमेकांपासून जेमतेम वीतभर.

फर्दापूरला दोनला पाच कमी असताना फोन लागला. हॉटेलवाल्याच्या गल्ल्याशेजारी उभा राहून दामले सांगत होता आणि पलीकडचं ओरडणं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं.

"नाही, साहेब. नाही म्हणजे नाही. सोमवार विसरा... डायव्हरची चूक नाही. एकाच जागी, दोनदा. मी स्वतः उभा होतो तिथं."

बाकावर कारभारीपुढं चहा आला होता. त्यानं कप उचलला तर निम्मा चहा मांडीवर सांडला. कोणी बघत नाही असं पाहून त्यानं कप खाली ठेवला आणि वाकून, तसंच तोंड लावून, उरलेला चहा पिऊन टाकला.