पिशवीतला घड

२६ मे, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हफ्सियाबाई बालवाडीच्या अंगणात शिडीवर उभ्या आहेत आणि खजुरीच्या उघड्या घडातली फळं चिमटीत धरून तपासत आहेत. एका जागी तीन-तीन, मिरीएवढी, एकमेकांना चिकटलेली. बी एकातही नाही, म्हणजे परागण झालेलंच नाही.

खाली सात मुलं माना वर करून उभी. फाटकापाशी हाजी तिजानी. बालवाडीची जागा त्यांची. शेजारी मेसऊद, नीरा काढणारा, हातात पटाशी.

झाड तीन वर्षं फळलेलं नाही. यंदा एक तरी घड धरला तर ते राहील, नाहीतर मेसऊद त्याच्या शेंड्याला छेद देईल, असं ठरलं होतं. उन्हाळाभर नीरा मिळेल आणि झाड संपेल. गावातल्या हजारो खजुरींत बाईंच्या शिडीला पोचणारी मादी ही एवढीच. अकरा वर्षं त्यांचा परागणाचा धडा हिच्यावरच होतो.

हे झाड गावातल्या खजुरी सांभाळणाऱ्या बेलगासेमकाकांनी लावलं. ते असेपर्यंत दर मार्चला नर झाडाच्या फुलांचे तुरे हिच्या घडांत बांधायला तेच चढत. विहिरीच्या रहाटात त्यांचा उजवा अंगठा गेला होता, म्हणून गाठ मारताना झावळीच्या पातीचं एक टोक ते दातांत धरत आणि गाठ डावीकडे पडे. तीन वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून नराचे तुरे बाई स्वतः बांधतात.

यंदाचा धडा १९ मार्चला झाला. "खजुरीच्या फुलात मधमाशी सहसा येत नाही," बाईंनी सांगितलं. "वाऱ्याचा भरवसा नाही. मग मधमाशी कोण?"

"आम्ही!" पोरं ओरडली आणि अंगणभर भुणभुणत फिरली.

एका घडात बाईंनी नराचे तुरे खोचले. दुसरा घड आवरणातून नुकताच फुटला होता. त्यावर कापडी पिशवी चढवून तोंड लाल लोकरीने आवळलं आणि गाठीवर ओली माती थापली. त्या दिवशी आलेल्या सहाही मुलांनी शिडी चढून तीत अंगठे उमटवले. तुरा नाही तर फळ नाही, हे या घडानं दाखवायचं होतं.

मग कुऱ्हाड. न फळणाऱ्या झाडाला इथे आधी धमकी देतात आणि दुसऱ्या कुणीतरी त्याची हमी घ्यायची असते. हमीदार आधी नेमल्याशिवाय कुऱ्हाड उचलत नाहीत. बाईंनी ते काम सिवारला दिलं होतं, आणि ती तापानं घरी होती, हे कुऱ्हाड वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"तोडते हिला! कोण हमी घेतं?"

 मग आधी खोकला, आणि जाड आवाज: "राहू दे. यंदा धरेल. मी हमी."

बाईंनी ताहाचा कान धरला. नकला तोच करतो. तो रडायला लागला. "मी नाही! वरचे आजोबा बोलले."

पुढच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस पडला. उघड्या घडातले पराग त्यात वाहून गेले असावेत.

"झालं ना बघून?" आज हाजी म्हणाले. "बाई, उतरा. मेसऊदला उन्हाच्या आत उरकू दे."

"धडा अर्धा राहिलाय. पिशवी उघडते आणि उतरते."

"तिच्यात काय, रिकाम्या काटक्या असणार!"

"तेच तर मुलांना दाखवायचंय, हाजी."

मातीवरचे सहाही ठसे शाबूत होते. बाईंनी ती फोडली, लोकर सोडली, पिशवी ओढली. घड भरलेला होता. फळं हिरवी, बोराएवढी, प्रत्येक सुटं. मध्ये नराचे वाळके तुरे, झावळीच्या पातीने बांधलेले.

"वर कोण चढलं होतं?" हाजींनी विचारलं.

 मेसऊद बुंध्यावरून चढून आला आणि त्याने पात उलटून पाहिली. गाठ डावीकडे होती. टोकावर दातांच्या खुणा होत्या. बेलगासेमच्या हाताखाली त्यानं वीस वर्षं काढली होती. तो पाठ न वळवता खाली उतरला आणि पटाशी फडक्यात गुंडाळली.

"हाजी, याची हमी पाळली गेलीय. मी याला हात लावणार नाही."

"मग मी दुसरा आणतो."

"आणा. गाठ त्यालाही दाखवा."

 "धरलाय म्हणजे धरलाय," हाजी शेवटी घडाकडे बघत म्हणाले. "ठरलं ते ठरलं. राहू दे झाड."

बाई उतरल्या तेव्हा सिवार रुसली होती. "हमी माझी होती ना, बाई?"

"तुझीच होती."

"मग तुरे कुणी ठेवले?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि शिडी उचलायला हात घातला.

"शिडी असू द्या," मेसऊद फाटकातून म्हणाला. "उतरायचं असेल कुणाला."

बाईंनी हात मागे घेतला. उद्या साडेसातला फाटक उघडेल. पहिला तास घडातली जादा फळं काढून तो विरळ करण्याचा आहे.