काडेपेटीएवढा कॅमेरा

मी तळहातात मावणारे जुने फिल्मचे कॅमेरे जमवतो. तसला एक विकायचा आहे असं कळलं, म्हणून शिंदखेड्याला गेलो. अंगणात बसलेल्या अक्कांनी काडेपेटीएवढा कॅमेरा काढला. तो त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा. आत फिल्म होती आणि अक्कांचा अंगठा झाकणावर.

"उघडू नका, उन्हात फोटो जातील," मी घाईने म्हणालो.

"बठ्ठा जातीन का?"

"हो, सगळे जातील. मी फिल्म धुऊन आणून देतो."

अक्कांनी कॅमेरा तळहातावर उलटा केला.

"जलमभर त्यासनी माले याले हात लावू दिधा नही. मना एक फोटू काढा नही."

त्यांनी झाकण सरकवलं आणि सगळी फिल्म उन्हात ओढून काढली.

"आते ली जा भाऊ," म्हणत त्यांनी रिकामा कॅमेरा माझ्या हातात दिला, आणि भिंतीला टेकून निवांत बसल्या.