नऊजणींतल्या दोघी

पोस्टात टपाल निवडायच्या खोलीत तिला सगळे 'एक्स्प्रेस' म्हणायचे. नाव पोस्टमास्तरांनी ठेवलेलं. "आपल्या खात्याची एक्स्प्रेस चार दिवसांनी पोचते," ते म्हणत, "पण या बाईने टाकलेला चेंडू पापणी लवायच्या आत पोचतो."

वीस वर्षं ती जिल्ह्याकडून जलद गोलंदाजी करत होती. त्यातली अकरा वर्षं रोज सकाळी टपालाचं पोतं रिकामं करताना ती क्रिकेट मंडळाच्या शिक्क्याचा लिफाफा शोधायची. गावचं टपाल तिच्याच हाताखालून जायचं, त्यामुळे 'पत्र वाटेत हरवलं असेल' अशी मनाची समजूत घालायचीही सोय नव्हती. राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं नाही. का आलं नाही, हेही कुणी सांगितलं नाही. गुडघा कुरकुरायला लागला, जिल्ह्याच्या यादीतूनही नाव गळालं. तिने वहिनीला सांगितलं, "सुटले एकदाची." वहिनीने तोंडदेखलं हो म्हटलं. टीव्हीवर सामना लागला की नणंदेचं उजवं मनगट आपोआप वळतं, हे तिच्या नजरेतून थोडंच सुटलं होतं!

आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. जलद गोलंदाज निवडायला एक जुनीजाणती नजर हवी होती, तीन दिवसांसाठी.

"बघ, बोलावलं की नाही शेवटी!" दादा म्हणाला.

"खेळायला नाही रे. बघायला."

शिबिरात नऊ मुली होत्या आणि जागा दोन. समितीचे तिघे वेग मोजायचं यंत्र मांडून सावलीत खुर्च्यांवर बसले. एक्स्प्रेसला खुर्चीत बसवेना. ती उन्हातच पंचाच्या मागे उभी राहून पावलं बघत राहिली. एकीबद्दल वाद नव्हता. ती दोन वर्षं संघात होती आणि राहणारच होती. प्रश्न दुसऱ्या जागेचा होता.

पहिल्याच दिवशी दोघी डोळ्यांत भरल्या. एक एकोणीस वर्षांची उंचाडी. धावत आली की हात एकीकडे, पाय तिसरीकडे. पण चेंडू टप्पा पडून असा उसळायचा की यष्टिरक्षक दोन पावलं मागे सरायची. दुसरी एका शाळेत खेळाची शिक्षिका, वय एकतीस. तिची धाव बघावी तर नजर लागेल अशी. चेंडू बाहेरून आत वळायचा आणि दहातले नऊ एका रुमालावर पडायचे. ती चेंडू सोडायच्या आधीच तो कुठे पडणार, हे एक्स्प्रेसच्या खांद्याला कळायचं. तिचा स्वतःचा चेंडूही असाच होता, अगदी असाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिक्षिका जवळ आली. "ताई, शाळेने रजा दिलीय, पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, ही शेवटची. घरचेही तेच म्हणतात. तुम्हाला काय वाटतं माझ्याबद्दल?"

"उद्या बघू," एक्स्प्रेस म्हणाली आणि जीभ चावली. मंडळाकडे विचारलं की तिलाही दर वर्षी हेच दोन शब्द मिळाले होते.

तिसऱ्या दिवशी समोर राष्ट्रीय संघाच्या फलंदाज उभ्या केल्या. शिक्षिकेने एकही चेंडू वाईट टाकला नाही. पण त्या फलंदाजांना वेळ मिळत होता. मागे सरून, चेंडू नीट वळू देऊन, मग त्या सावकाश खेळत होत्या. सहाव्या षटकात तर चेंडूचा जोर संपून तो यष्टिरक्षकाच्या हातात घोट्याजवळ पोचला. मग उंचाडी आली. दोन वाइड, एक डोक्यावरून. आणि पुढचा असा आला की संघाच्या सर्वांत खमक्या फलंदाजाने बॅट टाकून हात झटकला.

संध्याकाळी समितीची बैठक बसली. एक जण अनुभवाचं गुणगान गात होता, दुसरा वेगाचं. अध्यक्ष एक्स्प्रेसकडे वळले. "तुम्ही या दिव्यातून गेला आहात. तुम्हीच सांगा."

शिक्षिकेचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते उच्चारलं असतं तर हरकत घेणारं तिथे कुणी नव्हतं. काळजावर दगड ठेवून ती म्हणाली, "उंचाडी. शिक्षिकेचा चेंडू देखणा आहे, पण या पातळीवर तो एक क्षण उशिरा पोचतो."

कधीतरी कुणीतरी अशाच खोलीत आपल्याबद्दल हेच वाक्य बोललं असणार, आणि कदाचित ते खरंही असणार, हे तिला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

"पण राहिलेल्या सातजणींना मी स्वतः सांगणार. कारणासकट."

"तशी पद्धत नाही हो आपली," अध्यक्ष म्हणाले.

"मग आजपासून पाडा."

शिक्षिका कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी सोडत होती. एक्स्प्रेस शेजारी बसली आणि जे होतं ते सांगितलं. शिक्षिकेने सोडलेली नाडी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"आणि चार वर्षांपूर्वी निवडीला आले होते, तेव्हा?" तिने विचारलं.

"चार वर्षांपूर्वी तुला घ्यायला हवं होतं. त्यांचं चुकलं."

"हे मला सांगून काय मिळालं तुम्हाला?"

"मला कुणी सांगितलं नाही गं. अकरा वर्षं वाट बघितली. तू नको बघूस."

शिक्षिका उठली. ना रडली, ना आभार मानले. पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

उंचाडीला पहिल्या दोन सामन्यांत चांगलाच मार पडला. तिसऱ्यात तिने चार बळी घेतले. पोस्टमास्तरांनी पेढ्याऐवजी सगळ्यांना चहा पाजला आणि एक्स्प्रेसची पाठ थोपटली. त्याच आठवड्यात पेपरात कोपऱ्यात दोन ओळी होत्या: शिक्षिकेने जिल्ह्याच्या सामन्यात सात गडी बाद केले होते. एक्स्प्रेसने त्या ओळी तीनदा वाचल्या.

घरी आल्यावर तिने वहिनीला विचारलं, "माझं चुकलं असेल का गं?"

"चुकलं की बरोबर, ते मला काय कळतंय? तुला मनातून कोण हवी होती, ते सांग."

एक्स्प्रेस हळूच म्हणाली, "मी. मीच हवी होते, वहिनी."

वहिनी हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याजवळ येऊन बसली.