बोंबलांची जोडी
दिवाळीनंतर वारा कोरडा झाला की आई अंगणात दोरीवर बोंबील वाळत घालते, आणि तो वास आला की मला सातवीचा वर्ग आठवतो. आपल्या आवडीचं काम वर्गाला करून दाखवा, असं बाईंनी सांगितलं होतं. कुणी मोडका पंखा फिरवून दाखवला, कुणी रांगोळी काढली. मी डब्यात ओले बोंबील नेले आणि खिडकीच्या गजांना दोरी बांधली. डबा उघडताच बाकाबाकांवर नाकाला रुमाल लागले. मी इतकी बावरले, की एकच बोंबील दोरीवर टाकला आणि तो घसरून खाली पडला. आई नेहमी सांगायची, "एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात नाय, त्याला जोडी लागते." दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, मग एक दोरीच्या अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. पण हे वर्गाला सांगायचं सोडून मी पडलेला बोंबील उचलायला वाकले. तेवढ्यात एक मुलगी उठली. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे ती लातूरकडून बोईसरला आलेली, घरात मासळी शिजतच नसे. तिनं डब्यातला बोंबील उचलून विचारलं, "कुठं अडकवायचा गं ह्याला?" मी माझ्या हातातल्या बोंबलाचा जबडा उघडून पुढं धरला. तिच्या बोंबलाचे बारीक दात तिच्या बोटात रुतले, तरी जोडी जमेपर्यंत तिनं तो सोडला नाही. घरी तिला दारातच अंघोळ घातली म्हणे. सोमवारी मात्र ती दप्तर उचलून माझ्या बाकावर आली, जिथं तोवर मी एकटीच बसायचे. आजही पहिली जोडी मीच लावते. बोंबलाचा दात बोटाला लागतो, आणि मी तो मुद्दाम लागू देते.